चिरंजीवांची मुंबई

मुंबई शहर इंग्रजांनी सात बेटे सांधून वसविले, असे शाळेच्या पुस्तकांत लिहिलेले असते, आणि परीक्षेपुरते ते खरे मानण्यास आमची हरकत नाही; परंतु त्या मुंबईखेरीज आणखी एक मुंबई आहे, तिचे बांधकाम दर साली वैशाख महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील अंगणांत आणि पडव्यांत चालते, आणि तिचे गवंडी म्हणजे रजेवर गावी आलेले चाकरमानी होत. वर्षाचे अकरा महिने गिरणीच्या भोंग्याला किंवा हेडक्लार्कच्या घंटेला जागून ज्याचे अंग मोडून गेलेले असते, तोच मनुष्य रात्रीची जेवणे उरकल्यावर पानाचा डबा मध्ये घेऊन बसला, म्हणजे ज्या नगरीचे वर्णन करू लागतो तिच्यात नळाला अष्टौप्रहर पाणी असते, साहेब त्याचा सल्ला घेतल्यावाचून एकाही कागदावर सही करीत नाही, आणि त्याच्या राहत्या जागेत दिवाणखाना इतका प्रशस्त असतो की पंचवीस पाने सहज मांडता यावीत. हे सर्व श्रवण करीत, कंदिलाच्या उजेडाच्या किंचित बाहेर, पंधरा-सोळा वर्षांचे एक पोर गुडघ्यांना मिठी घालून बसलेले असते. वडीलधाऱ्यांचे त्याच्याकडे लक्ष नसते आणि त्याचे मात्र एकाही शब्दाकडे दुर्लक्ष होत नाही. प्रस्तुत लेखाचा नायक तो.

१९५५ च्या सुमारास आमचे बिऱ्हाड गिरगावातील एका चाळीत होते, आणि भिंतीपलीकडे राजापूरचे एक गृहस्थ राहत. वयपरत्वे आणि अंशतः वजनपरत्वे त्यांना सारी चाळ 'काका' म्हणे. त्यांचे वडील बंधू राजापूरच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. आश्विन महिन्यात त्यांचे पत्र आले, त्यात चिरंजीव यंदा अकरावीस असून त्याने अद्याप मुंबई पाहिलेली नाही, सबब दिवाळीच्या सुटीत त्यास पाठवीत आहे, तरी सदरहू मुलास प्रेक्षणीय स्थळे दाखवून मुदतीत परत रवाना करावे, असा मजकूर होता. आणि कचेरीची सवय हाडीमाशी खिळलेली असल्यामुळे शेवटी 'कळावे' च्या जागी 'तजवीज ठेवावी' असे पडले होते. ते पत्र वाचून काकांच्या मुखावर जी छाया पसरली तिचे कारण त्या वेळी आम्हांस उमगले नाही. राजापुरात वैशाखामागून वैशाख बांधत आणलेल्या इमारतीची आता समक्ष पाहणी होणार होती.

मुंबईस निघालेल्या मुलाची तयारी त्या काळी गावाकडे कशी होई, हे सांगण्यासारखे आहे. प्रथम त्याला दोन सदरे आणि दोन विजारी शिवतात. त्या 'वाढत्या अंगाच्या' असल्यामुळे ज्या वर्षी त्या त्याला नीट बसतील त्या वर्षी तो मॅट्रिक होऊन नोकरीस लागलेला असेल, या हिशेबाने मापे घेतलेली असतात. नंतर त्याला मुंबईच्या खिसेकापूंची समग्र माहिती देण्यात येते. ही माहिती देणाऱ्यांपैकी कोणाचाही खिसा मुंबईत कापला गेलेला नसतो, कारण कापण्याजोगे त्यात कधीच काही नसते. तथापि या विषयावर अधिकारवाणीने बोलण्यास तेवढ्याने बाध येत नाही. अखेर आई दहा रुपयांची एक नोट घडी करून सदऱ्याच्या आतील चोरखिशात घालते आणि खिशाचे तोंड बखिया घालून शिवून टाकते. या बंदोबस्ताचा परिणाम असा होतो, की त्या नोटेपर्यंत जसा खिसेकापूचा हात पोहोचत नाही तसाच तिच्या मालकाचाही पोहोचत नाही, आणि ट्रामचा कंडक्टर समोर येऊन उभा राहिला म्हणजे कात्री जवळ नसल्याच्या सबबीवर तिकिटाचे पैसे नेहमी यजमानांसच द्यावे लागतात.

आमचे चिरंजीव जैतापूरला पडावातून बोटीवर चढले, डेकवर कोणाच्या तरी पथारीच्या कडेला बसले, आणि त्यांना बोट लागली. कुळथाचे पीठ, आमसुले, फणसपोळी आणि सुक्या बांगड्यांची एक पुडी असा काकूंसाठी दिलेला ऐवज मांडीवर सांभाळीत त्यांनी रात्र कशी काढली, हे भाऊच्या धक्क्यावर उतरताना त्यांच्या हिरव्यापिवळ्या चेहऱ्यावरून कोणासही वाचता आले असते; परंतु काकांनी "प्रवास कसा झाला?" असे विचारताच, खांद्यावरची वळकटी सावरीत ते म्हणाले, "ठीक झाला." हे दोन शब्द आम्ही मुद्दाम नमूद करून ठेवीत आहो.

पुतण्याच्या मनावर पहिलाच ठसा चांगला उमटावा म्हणून काकांनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात ट्रामचे अंतर ओलांडल्यावाचून पाकिटाला हात लावला नव्हता, त्या दिवशी चक्क व्हिक्टोरिया केली. घोडा चालू लागला. दोन्ही अंगांनी हातगाड्या, पाटीवाले, मोटारी, पारशी, बोहरी, भय्ये, मद्रासी यांची जी रांग सुरू झाली ती संपण्याचे लक्षण दिसेना. तेव्हा चिरंजीवांनी बराच वेळ आवरून धरलेला प्रश्न अखेर त्यांच्या तोंडून निसटला.

"काका, आज इथला आठवड्याचा बाजार काय?"

काका इतके मोठ्याने हसले की गाडीवानानेही मागे वळून पाहिले. "अरे, बाजार कसला? हे रोजचंच आहे!" चिरंजीवांचे कान लाल झाले. त्या क्षणी त्यांनी मनाशी एक प्रतिज्ञा केली असली पाहिजे. कारण त्यानंतर त्यांच्या मुंबईतील सबंध मुक्कामात त्यांना कशाचेही आश्चर्य वाटलेले कोणी पाहिले नाही.

शहर पाहावयास आलेल्या कुमारवयीन पाहुण्याचे खरे काम शहर पाहणे हे नसून आपण चकित झालो नाही असे दाखविणे हे होय, आणि यजमानाचे खरे काम शहर दाखविणे हे नसून त्याला चकित करणे हे होय, असा सिद्धांत या प्रसंगाच्या निरीक्षणाने आमच्या मनात दृढ झाला. लहान मूल आ वासून पाहते आणि त्यात त्याची अब्रू जात नाही. प्रौढ मनुष्य खुशाल 'अबब' म्हणतो, कारण त्याची जी काय अब्रू जायची ती यापूर्वीच गेलेली असते. परंतु ज्याच्या ओठावर मिसरूड नुकते दिसू लागले आहे, त्याला आ वासण्यापेक्षा मरण बरे वाटते.

मात्र पहिली कसोटी चिरंजीवांची न होता काकांची झाली, आणि ती चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर झाली. काकांची जागा म्हणजे दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी एक खोली. तिच्या एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात स्वयंपाक, तिसऱ्यात गाद्यांची चळत, चौथ्यात देव, आणि मध्ये उरलेल्या अवकाशात काका, काकू व चार मुले यांचा संसार. चिरंजीव उंबरठ्यावर उभे राहिले. त्यांची दृष्टी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेली, दुसरीवरून तिसरीवर गेली. उरलेले घर ज्या बाजूस असावे तिकडचा दरवाजा त्यांना कोठेच दिसेना. भिंतीतल्या कपाटावर त्यांची नजर क्षणभर आशेने थबकली, इतक्यात काकूंनी ते उघडून चहाची पूड काढली. काका पाठमोरे होऊन वळकटी सोडवीत होते. काकू म्हणाल्या, "बाळ, पाय धुऊन घे हो, आणि ऐसपैस बस." बसण्यास जागा एका ट्रंकेवर होती. तिच्यावर बसून चिरंजीव शांतपणे म्हणाले, "जागा ठीक आहे." काकांनी इतका वेळ रोधून धरलेला श्वास सोडल्याचा आवाज आम्ही भिंतीपलीकडे ऐकला.

नळाचे पाणी पहाटे येई आणि दिवस वर येण्याच्या आत जाई. तेवढ्यात साऱ्या मजल्याने बादल्या, कळशा, पिंपे भरून घ्यावयाची असत, आणि त्या वेळी गॅलरीत जो रणसंग्राम होई त्यात पाहुण्यासही बादली देऊन उभे करण्यात येई. पहिल्याच दिवशी चिरंजीवांची पाळी आली आणि नळ गेला. राजापूरजवळ उन्हाळे येथे चौदा कुंडांत गंगा प्रकट होते, ती सामान्यतः तीन वर्षांनी एकदा येते, ही गोष्ट राजापूरकर कोणास विसरू देत नाही. रिकामी बादली हातात धरून चिरंजीव म्हणाले, "आमची गंगा तीन वर्षांनी येते, पण आली म्हणजे महिना-दोन महिने राहून जाते. तुमची रोज येते खरी, पण डोक्यावरची टोपीसुद्धा काढीत नाही." चाळीतील जाणत्या मंडळींनी त्याच दिवशी हे पोर पुढे नाव काढील असे भाकीत केले.

आता स्थलदर्शन. येथे वाचकांस एक गुपित सांगितले पाहिजे. मुंबईचा रहिवासी मुंबई पाहत नाही. तो कचेरी, बाजार आणि स्मशान या तीन ठिकाणांच्या वाटा तेवढ्या ओळखतो, आणि प्रेक्षणीय स्थळांचा लाभ त्याला पाहुण्याच्या पुण्याईने घडतो. काका वीस वर्षे राजाबाई टॉवरच्या ठोक्यांवर आपले घड्याळ लावीत आले होते. परंतु तो २८० फूट उंच आहे, १८७८ साली बांधून पुरा झाला, आणि शेअरबाजाराचे महारथी प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने त्याचा खर्च दिला, ही माहिती त्यांनी आदल्या रात्री आमच्याकडून पाठ करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुतण्यास अशा सहजतेने सांगितली की जणू प्रेमचंदशेटांनी चुन्याचा हिशेब त्यांच्याच हाती दिला होता. चिरंजीवांनी मान शक्य तितकी कमी वर केली आणि विचारले, "चालतं का ते घड्याळ?" काका म्हणाले, "म्हणजे काय!" "मग ठीक आहे," चिरंजीव म्हणाले, "आमच्या कचेरीतलं चालत नाही."

अव्वल कारकुनाच्या घरात वाढल्यामुळे चिरंजीवांपाशी जगातील सर्व बांधकामांकडे पाहण्याची एक दप्तरी दृष्टी होती. गेट वे ऑफ इंडियासमोर उभे राहून काकांनी त्यास सांगितले, की पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली येथे उतरले त्याचे हे स्मारक आहे, आणि ते पुरे झाले १९२४ साली. यावर चिरंजीव क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "म्हणजे मंजुरी उशिरा आली असणार." काका पुढे सांगू लागले, की १९४८ च्या फेब्रुवारीत गोऱ्यांची शेवटची पलटण याच कमानीतून निघून विलायतेस गेली. तेव्हा मात्र चिरंजीवांच्या चर्येवर प्रथमच समाधान दिसले. येणाऱ्या राजासाठी मंजूर झालेले काम तेरा वर्षे रखडून अखेर जाणाऱ्या शिपायांच्या उपयोगी पडले, हा क्रम त्यांच्या परिचयाचा होता. राजापूर तालुक्यातील दोन साकव नेमके याच पद्धतीने बांधले गेले होते.

मलबार टेकडीवर हँगिंग गार्डनमध्ये झुडपे कातरून केलेले हत्ती-घोडे पाहून त्यांना काहीच वाटले नाही, परंतु ही सारी बाग एका मोठ्या जलाशयाच्या पाठीवर माती पसरून केलेली आहे आणि शहराला येथून पाणी जाते, असे समजताच ते हिरवळीवर एकदम थांबले, पायाखाली पाहू लागले, आणि सकाळची रिकामी बादली डोळ्यांपुढे आणून म्हणाले, "असं! म्हणजे पाणी इथं अडलंय होय?" शेजारच्या कमला नेहरू पार्कातील म्हातारीच्या बुटात चढावे की न चढावे, हा वयाचा प्रश्न होता. तो त्यांनी असा सोडविला, की काकांच्या धाकट्या मुलास सांभाळण्याच्या निमित्ताने ते वर गेले, मूल केव्हाच खाली उतरले, आणि हे मात्र आणखी बराच वेळ वरच्या खिडकीतून गंभीरपणे समुद्राची पाहणी करीत राहिले. राणीच्या बागेत वाघ झोपला होता, त्यामुळे त्याच्याविषयी कोणासच काही बोलता आले नाही.

तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलेले, तेव्हा नव्याचे नवे होते, आणि मरीन ड्राइव्हवर त्याच्यापुढे रांग लागे. काकांचा सर्व भरवसा या मत्स्यालयावर होता. परंतु ज्याने जन्मापासून खाडीकाठी टोपल्यांतली तडफडती मासळी पाहिली आहे, त्याला पैसे मोजून काचेआडचे मासे दाखविण्यात धोरणाची चूक झाली. चिरंजीव प्रत्येक पेटीपुढे उभे राहत, आतील जीवास वरपासून खालपर्यंत न्याहाळीत, आणि 'याला काटे फार', 'हा तळून बरा', 'याचं कालवण होत नाही, नुसता दिखाऊ', असे शेरे मारून पुढे जात. मागून येणारी एक गुजराती मंडळी तोंडाला रुमाल लावून बाहेर पडली. काका कपाळाचा घाम पुसू लागले.

तरीही चिरंजीवांच्या सर्वज्ञतेचा एकवार पूर्ण पराभव झाला, आणि तो एका इराण्याच्या हॉटेलात झाला. संगमरवरी टेबल, पाठीला वळणदार लाकडी कमान असलेल्या खुर्च्या, भिंतींवर उंच आरसे, आणि गल्ल्यामागे बसलेला, जगाविषयी सर्वस्वी उदासीन असा मालक, हे सर्व त्यांनी नेहमीप्रमाणे न पाहिल्यासारखे पाहिले. पोऱ्याने दोन चहा आणले, आणि रिवाजाप्रमाणे मधोमध एक बशी ठेवली. तीत मावा केक, नानकटाई, खारी, पॅटिस, क्रीमचा रोल असे नाना जिन्नस रचलेले होते. मुंबईकरास हे ठाऊक असते की ती बशी मुख्यतः दर्शनासाठी असते. जो जिन्नस उचलावा त्याचे पैसे द्यावेत, आणि बाकीची बशी पुढच्या टेबलाकडे प्रस्थान ठेवते. परंतु चिरंजीवांचे संगोपन 'पानात टाकायचे नाही' या कायद्याखाली झाले होते. त्यांनी मावा केक खाल्ला, नानकटाई खाल्ली, खारी चहात बुडवून खाल्ली, पॅटिसापाशी त्यांची गती मंदावली, पण वाढलेल्या अन्नाचा अपमान होऊ नये म्हणून कंबरेची नाडी किंचित सैल करून ते पुढे सरकले. इकडे काकांची स्थिती अशी, की थांबवावे तर मुंबईत खाण्यापिण्याला तोटा नाही हे त्यांचेच गावाकडचे वाक्य आडवे येई, आणि न थांबवावे तर महिन्याची अखेर समोर दिसे. शेवटला रोल संपला. पोऱ्याने हॉटेलच्या एका टोकाकडून गल्ल्याच्या दिशेने जो आकडा पुकारला तो ऐकून मालकाने त्या दिवसात प्रथमच मान वर केली. बाहेर आल्यावर चिरंजीव दीर्घ उसासा टाकून म्हणाले, "काका, फराळ ठीक होता, पण माणसं फार आग्रहाची."

ट्राम तेव्हा जोरात होती. ३१ मार्च १९६४ च्या रात्री ती शेवटची धावली, पण त्या काळी तिच्या वरच्या मजल्यावर बसून मुंबई पाहणे हा गरिबाचा हत्तीवरचा हौदा होता. लोकलची विद्याही चिरंजीवांनी लवकरच हस्तगत केली. दादर एक नसून दोन आहेत, एक मध्य रेल्वेचे व एक पश्चिम रेल्वेचे, आणि त्यांच्या मध्ये फक्त पूल आहे, हे शिकण्यास मोठमोठ्या माणसांना वर्ष लागते. यांनी ते एका संध्याकाळी जिरविले. मुक्काम संपत आला असता एके दिवशी बोरीबंदरकडे जाणाऱ्या फलाटावर काका आणि ते उभे होते. गाडी आत येत होती. मुंडासे बांधलेला, बगलेत बोचके धरलेला एक देशावरचा म्हातारा गोंधळून चिरंजीवांपाशी आला आणि म्हणाला, "पोरा, ही परळला थांबती का रं?"

चिरंजीवांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. डब्याच्या दाराकडे झेप घेण्याच्या पवित्र्यात, कपाळाला आठी घालून ते म्हणाले, "फास्ट आहे! इंडिकेटर बघत नाही का?"

काकांनी हे आम्हांस रात्री सांगितले तेव्हा त्यांचा कंठ दाटून आला होता. जे राजाबाईने साधले नाही, बादशहाच्या कमानीने साधले नाही, ते आपोआप साधले होते.

चिरंजीव परत गेले. चोरखिशातली नोट, सदरा मुंबईत बरेच वेळा धुतला गेल्यामुळे अंमळ मऊ झालेली, परंतु बखियासह अक्षत अशी आईच्या हाती पोहोचली. आता खरा प्रश्न राजापुरात उभा राहिला. संध्याकाळी अंगणात मंडळी जमणार, या खेपेस चिरंजीव कंदिलाच्या उजेडात बसणार, आणि कोणीतरी विचारणार, की काकांचा तो दिवाणखाना कसा काय आहे? आमच्या चाळीत त्या पंधरवड्यात काकांना नीट झोप लागली नाही. पुतण्या सत्यवचनी निघाला तर पुढल्या वैशाखात गावी तोंड कसे दाखवावे, हा घोर त्यांना लागून राहिला.

परंतु काकांनी या वयाच्या मुलाची जी पारख केली ती अपुरी होती. मुंबई पाहून आलेल्याने खरे सांगावे यात त्याचा स्वतःचा काय लाभ? खोली दहा बाय बाराची होती असे म्हणावे, तर आपण पंधरा दिवस दहा बाय बाराच्या खोलीत, ट्रंकेला पाय लावून झोपलो हे ओघानेच कबूल करावे लागते. आणि दिवाणखाना होता असे म्हणावे, तर त्या दिवाणखान्यात आपणही लोळून आलो हे सिद्ध होते. म्हणून जो जो मुंबईस येतो तो तो येथील बिंग पाहतो, आणि जो जो परत जातो तो तो त्या बिंगाचा भागीदार होऊन जातो. गावाकडची मुंबई आजवर कोसळली नाही याचे कारण तिची पाहणी करण्यास येणारा प्रत्येक इसम जाताना तिच्यावर एक मजला चढवून जातो.

चैत्रात काकांच्या बंधूंचे पत्र आले. "चिरंजीवाकडून तेथील जागेचे सविस्तर वर्णन ऐकून सर्वांस संतोष झाला," असा प्रारंभ होता. "समुद्राकडील गॅलरीत वारा उत्तम असतो असे तो म्हणतो. तरी येथील शाळेचे हेडमास्तर सहा विद्यार्थ्यांसह मुंबई पाहावयास येत असून त्यांची उतरण्याची सोय आपल्याच येथे होण्याजोगी आहे असे त्यांस कळविले आहे. तजवीज ठेवावी."

काकांनी पत्र दोनदा वाचले, घडी घालून खिशात ठेवले, आणि बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने पान जुळवावयास घेतले. "पोरगा हुशार आहे," ते म्हणाले. "मॅट्रिक झाला की इकडेच पाठवा म्हणून दादाला लिहितो. मुंबईत त्याचं चांगलं होईल."

काकूंचे डोळे मात्र अजून त्या पत्रावरच होते. "सात माणसं कुठं निजवायची ते मी बघते," त्या म्हणाल्या, "पण ती समुद्राकडची गॅलरी कुठून आणणार?"

"तिची नको काळजी," काका चुना लावीत म्हणाले. "आठ दिवस राहून जातील, आणि गावी जाऊन सातही जण सांगतील, गॅलरी पाहिली म्हणून."